गरम, गार, गरम, गरम, गार

शेक म्हटलं की लोकांना हसू येतं. "त्यात काय एवढं? आमची आजीसुद्धा द्यायची," असं म्हणत पेशंट टेबलावर पालथा पडतो आणि डोळे मिटतो. मी मनात म्हणते, तुमच्या आजीनं तुम्हाला एखाद्या वेळी पोळलंही असेल, ते तुम्ही विसरलात. ज्यांनी कधी शेक दिला नाही त्यांनाच तो सोपा वाटतो. कमी पडला तर नुसती कातडी कोमट होते आणि आतला ताठलेला स्नायू ढिम्म हलत नाही. जास्त झाला तर कातडीच जाते. या दोहोंमधली जागा अरुंद असते आणि ती रोज नव्यानं शोधावी लागते.

ही जागा शोधायला मला शिकवलं माझ्या सासऱ्यांनी. ते आधी माझे सर होते, सासरे नंतर झाले. फिजिओथेरपी शिकून झाल्यावर मी त्यांच्याच क्लिनिकमध्ये कामाला लागले. एके दिवशी त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला आई, म्हणजे आताच्या माझ्या सासूबाई, आल्या, मला एका आजोबांच्या गुडघ्याशी हुज्जत घालताना पाहिलं आणि घरी जाऊन म्हणाल्या, "ही पोरगी आपल्याला हवी." मुलाला सगळ्यात शेवटी विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. बंद पडलेली लिफ्ट त्याला वासानं कळते, पण स्वतःची मान का दुखते ते अजून कळलेलं नाही. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं सर मला ऐकू जाईल अशा बेतानं पेशंटला सांगायचे, आणि पेशंट खूश व्हायचे.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी क्लिनिकमध्ये हाक मारली, "बाबा, टॉवेल देता का?" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पुन्हा हाक मारली तेव्हा जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "घरी बाबा. इथं सर. इथं आपण एकमेकांचे कोणी नाही, दोघंही पेशंटचे." मला राग आला होता, पण पटलंही होतं. त्यानंतर माझी जीभ कधी घसरली नाही.

आमचं क्लिनिक म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकं आणि आतल्या खोलीत तीन टेबलं, मध्ये पडदे. कोपऱ्यात स्टीलची टाकी. तिच्यात गरम पाणी, आणि पाण्यात जाड कापडाच्या पिशव्या बुडवलेल्या, आत माती भरलेली. पिशवी चिमट्यानं काढायची, निथळू द्यायची, टॉवेलात गुंडाळायची आणि दुखऱ्या जागी ठेवायची. सगळी मदार टॉवेलाचे थर किती यावर. पुस्तकात त्याचा आकडा दिलेला आहे. सर तो आकडा मला पाठ करायला लावून मग म्हणाले होते, "आता विसर. माणसागणिक कातडी वेगळी. आकडा परीक्षेपुरता, इथं हाताला विचारायचं." पिशवी गुंडाळून झाली की ते वर उजवा तळवा ठेवत, डोळे बारीक करत, आणि मग एक थर वाढवत नाहीतर एक काढून घेत. त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नव्हता. पेशंटनंही नाही. "सरांचा हात लागला की निम्मं दुखणं तिथंच पळतं," असं आमचे ड्रायव्हरकाका बाहेर बाकावर बसून नव्या लोकांना सांगत. काका बस चालवतात. कंबर त्यांची कायमची दुखरी आणि जीभ कायमची ठणठणीत.

शेकाच्या आधी मात्र एक परीक्षा असते आणि तिच्यातून सर कोणालाही सूट देत नसत. काचेच्या दोन नळ्या घ्यायच्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. पेशंटनं डोळे मिटायचे. आपण नळी टेकवायची आणि त्यानं सांगायचं, गरम की गार. ज्याला सांगता येत नाही त्याला शेक नाही. माणूस हातापाया पडला तरी नाही. कारण त्याला भाजलं तरी ते कळणार नाही, आणि तो मुकाट पडून राहील. "ज्या कातडीला कळत नाही, तिला शेक नाही," हे वाक्य मी सरांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

सरांना मधुमेह होता. जुनाच. तो त्यांनी पाहुण्यासारखा सांभाळला होता, त्याच्या वेळा पाळल्या होत्या, पण पाहुणा शेवटी घराचा मालक होतो तसं झालं. आधी पाय गेले. गेले म्हणजे चालत होते, पण त्यांना काही कळत नव्हतं. एका संध्याकाळी बाबा एकाच पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी वाटेत कुठं निसटली याचा त्यांना पत्ताच नव्हता. आई पोट धरून हसल्या. "अहो, उद्या धोतर निसटलं तरी कळायचं नाही तुम्हाला!" धोतर ते कधीच नेसत नसत, त्यामुळे तेही हसले. मग आई त्यांचे तळवे पुसायला बसल्या आणि टाचेत रुतलेला काचेचा तुकडा त्यांच्या हाताला लागला. त्यानंतर कोणी हसलं नाही.

नसा पायापासून मरत येतात आणि मग हातांची पाळी येते, हे मला ठाऊक होतं. सरांना माझ्याआधी ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये मी चाचरत म्हटलं, "सर, हात एकदा तपासू या का?"

"घे की परीक्षा," ते म्हणाले आणि दोन्ही हात पुढं करून डोळे मिटले.

मी नळ्या लावल्या. बोटं, तळवे, मनगटं. गरम, गार, गरम, गरम, गार. एकही उत्तर चुकलं नाही. "पास?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं. मी "पहिल्या वर्गात" म्हटलं आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. त्यांचे पाय गेले तरी चालणार होतं, ते खुर्चीवर बसून काम करू शकत होते. हात गेले असते तर त्यांचं कामच संपलं असतं, आणि कामाशिवाय या माणसाचं काय करायचं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

म्हणूनच पुढं जे दिसत गेलं ते मी पाहूनही पाहिलं नाही. आई एकदा ओट्याशी ओरडल्या, "अहो, फडकं घ्या! उकळतंय ते!" बाबांनी दुधाचं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "अगं, जन्मभर गरम पिशव्या उचलतोय. हात निबर झालेत." आईंना ते पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं. शर्टाची बटणं आई लावून देऊ लागल्या, त्यालाही आम्ही लाड म्हटलं.

मग ड्रायव्हरकाकांची कंबर पुन्हा आखडली. बसच्या सीटवरून उतरताना दोघांनी धरलं तेव्हा कुठं सरळ झाले. मी शेजारच्या टेबलावर एका बाईंचा खांदा हलवत होते. पडद्याच्या फटीतून मला सर दिसत होते. त्यांनी पिशवी गुंडाळली, वर तळवा ठेवला, डोळे बारीक केले, आणि दोन थर काढून घेतले. मला वाटलं, जरा कमीच राहिले. पण सरांच्या हाताला दुरुस्त करणारी मी कोण?

काका नेहमी टेबलावर पडले की बडबडतात. रस्त्यावरचे खड्डे, नवा कंडक्टर, घरच्यांची कटकट. त्या दिवशी ते गप्प होते. सरांनी विचारलं, "कसं वाटतंय, काका?" काका म्हणाले, "झकास." आवाज दातांतून आल्यासारखा होता.

पिशवी उचलली तेव्हा काकांच्या कमरेवर लालभडक चट्टा होता आणि त्याच्या मधोमध कातडी फुगून वर आली होती. मी धावले, थंड पाणी ओतलं, ओतत राहिले. सर चिमटा हातात धरून तसेच उभे होते. मग त्यांनी पिशवी उलटसुलट करून पाहिली. "शिवण उसवली असेल," ते म्हणाले. शिवण उसवलेली नव्हती. "टाकीचा तापमानाचा काटा बिघडला असेल." काटाही ठीक होता.

"काका, भाजत होतं तर बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"मॅडम, सरांनी ठेवली होती," काका उशीत तोंड घालून म्हणाले. "म्हटलं, इतकं गरम लागतच असेल. औषध कडूच असतं."

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं म्हणतात. काकांना कळत होतं आणि ते बोलले नाहीत. ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलं नव्हतं. सरांकडे पाहायची माझी हिंमत होईना.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ स्क्रू ड्रायव्हर बोटांत फिरवत बसला आणि म्हणाला, "तूच सांग त्यांना. तुला त्यातलं कळतं." पुरुषांना अवघड गोष्ट बायकांच्या गळ्यात घालायची असली की आमचं ज्ञान एकदम वाढतं. आईंना मी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. भांडी विसळता विसळता त्या म्हणाल्या, "त्यांचा हात काढून घेऊ नकोस गं. बाकी काय काढायचं ते काढ. माणूस खचून जाईल."

"आणि उद्या दुसऱ्या कोणाला भाजलं तर?"

त्यांनी नळ बंद केला. "ते मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या.

पण परीक्षा तर ते पास झाले होते! हेच मला सुटत नव्हतं. सगळी उत्तरं बरोबर होती, मी स्वतः ऐकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिनिक उघडलं आणि एका नव्या पेशंटच्या गुडघ्याला नळ्या लावायला बसले. गरम. गार. गरम. गरम. गार. माझा हात मध्येच थांबला. तो पेशंट डोळे मिटून पुढच्या नळीची वाट पाहत राहिला.

ही परीक्षा घेताना क्रम नसावा लागतो. मनाला येईल तशी नळी लावायची, म्हणजे पेशंटला अंदाज बांधता येत नाही. पण हाताला वळण लागतं. मी शिकत होते तेव्हा सरांनी मला दाखवताना ज्या क्रमानं नळ्या लावल्या, तो क्रम माझ्या हातात बसला होता, पाढ्यासारखा. आजवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं, कारण कुठल्या पेशंटला तो पाढा येत होता? जगात एकाच माणसाला तो येत होता. त्याचीच परीक्षा मी त्याच्याच पाढ्यावर घेतली होती आणि वर पहिला वर्ग दिला होता.

दुपारी आम्ही दार लावून घेतो. सर टॉवेलांच्या घड्या करत होते. हल्ली त्यांच्या घड्या वाकड्या येत, मी मागाहून सरळ करत असे. मी म्हटलं, "सर, जरा बसा. हात पुन्हा बघते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकांचं नाव दोघांपैकी कोणीच काढलं नाही. ते बसले, बाह्या वर सारल्या, हात पुढं केले, डोळे मिटले.

मी टाकीचं झाकण उघडलं आणि आवाज करून लावलं. मग बेसिनच्या नळाखाली एक नळी भरली, आणि दुसरीही तिथंच भरली. दोन्ही गार. एवढंच मला सुचलं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, सर, 'गार' म्हणा. पाचही वेळा 'गार' म्हणा आणि मला शिव्या द्या, की काय चावटपणा लावलायस.

पहिली नळी मी त्यांच्या तळव्यावर टेकवली.

"गरम," सर म्हणाले.

त्यांचा आवाज शिकवताना असायचा तसा होता, स्वच्छ आणि ठाम.

"गार."

माझे डोळे भरून आले. समोरचे हात दिसेनात.

"गरम. गरम. गार." आणि जरा थांबून, "पास?"

सरांनीच मला शिकवलं होतं, की पेशंटनं विचारावं आणि आपण गप्प बसावं असं कधी करू नये. गप्प बसणं हेच त्याला उत्तर मिळतं. त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग नळ्यांकडे. गरम पाण्याची नळी आतून धुरकट होते. या दोन्ही लख्ख होत्या.

"दोन्ही नळाच्या?" त्यांनी विचारलं.

"हो."

"गुरूची विद्या गुरूला," ते म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला, पण तो त्यांना जमला नाही. हात तसेच पुढं धरलेले होते, जणू परीक्षा अजून संपायची होती. मग ते म्हणाले, "तुला वाटेल मी फसवलं. मी खोटं नाही बोललो गं. नळी टेकली की मला गरम लागायचं. आत्ताही लागलं. पहिली गरम, हे हाताला माहीत आहे ना. त्याला ते आठवत असेल." त्यांनी दोन्ही तळवे उलटे करून पाहिले. "पिशवीवर ठेवायचो तेव्हाही असंच. जे लागायला हवं तेच लागायचं."

मी त्यांच्या पायाशी खाली बसले आणि रडले. क्लिनिकमध्ये मी कधी रडले नव्हते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो केसांवर आहे की कपाळावर हे त्यांना कळत नव्हतं, अंगठा माझ्या डोळ्यावर टेकला होता, आणि मी तो हलवला नाही.

"ज्या कातडीला कळत नाही..." ते म्हणाले आणि पुढचं वाक्य पुरं केलं नाही. मग विचारलं, "काका पट्टी बदलायला कधी यायचेत?"

"आत्ता. दार उघडलं की."

"मग उघड."

काका आले. पालथे पडले. मी जुनी पट्टी काढत होते तेव्हा सर त्यांच्या डोक्याशी स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, "काका, शिवण उसवलेली नव्हती. माझ्या हाताला कळत नाही. गरम नाही, गार नाही, काहीच नाही. मी तुम्हाला भाजलं."

मला वाटलं काका चिडतील. चिडायला हवेच होते. त्यांनी मान वळवून सरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "सर, मला तर कळत होतं की. मला कळत होतं आणि मी तोंड शिवून पडलो. निम्मी चूक माझ्या नावावर घाला."

"नाही," सर म्हणाले. "ती पेशंटच्या नावावर घालायची नसते." पण त्यांनी काकांचा दंड धरला होता आणि बराच वेळ सोडला नाही. त्या दिवसापासून त्यांनी टाकीला हात लावला नाही. चिमटा त्यांनी स्वतःच खिळ्याला अडकवला, माझ्या उंचीच्या.

घरी पुढचे काही दिवस वाईट गेले. बाबा खिडकीशी बसत. आई त्यांच्यापुढं निवडायला काहीबाही ठेवत आणि त्यांच्या बोटांतून ते सांडे. आई माझ्याशी गरजेपुरतंच बोलत होत्या. मी म्हटलंही एकदा, "आई, माझं चुकलं का?" त्या म्हणाल्या, "नाही. पण मला राग येतोय, तो येऊ दे." मी येऊ दिला. मलाही येत होता, कोणाचा ते सांगता येत नव्हतं.

मग काकांची कातडी पुरती भरली आणि ते शेक घ्यायला आले. खरं तर काकाच वाट वाकडी करून आधी आमच्या घरी गेले होते आणि सरांना रिक्षातून घेऊन आले होते. "सर नसतील तर मी टेबलावर चढायचाच नाही," त्यांनी दारातून जाहीर केलं. "शेक कोणी का देईना. सरांनी डोक्याशी बसायचं आणि मला बोलतं ठेवायचं. मी गप्प झालो की मॅडमना सांगायचं, पिशवी उचला." बाकावरचे सगळे हसले. सर हसले नाहीत. ते आत आले आणि स्टूल ओढून बसले.

मी काकांच्या कमरेला नळ्या लावल्या. गार, गार, गरम, गार, गरम. सर बघत होते. मान किंचित हलली. मी पिशवी काढली, निथळवली, गुंडाळली आणि टेबलाच्या कडेला ठेवली. सर उठले. त्यांचा उजवा हात आपोआप पुढं आला आणि टॉवेलावर टेकला, डोळे बारीक झाले. काका बोलायचे थांबले.

सरांनी तो हात उचलला, माझं मनगट धरलं, माझा तळवा टॉवेलावर ठेवला आणि त्यावर आपला ठेवला. "काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

टॉवेलातून ऊब वर येत होती. त्यांचा हात माझ्या हातावर होता, कोरडा, जड, आणि त्या उबेतलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. मी डोळे मिटले, मला शिकवलं होतं तसं.

"कडक आहे अजून," मी म्हटलं. "आणखी एक थर हवा. बाबा, टॉवेल देता का?"

बोलून गेल्यावर मला कळलं, मी काय म्हटलं ते.

ते वळले, खुंटीवरचा टॉवेल दोन्ही हातांनी, हातांकडे बघत बघत काढला, आणि आणून मला दिला.